जगनकाकांचा चहाचा तुकडा

एका व्हायोलिनचं संगीत अख्ख्या वाद्यवृंदाला पुरवायचं म्हणजे काय मोठंसं! पाव किलो मटणात घरभर पाहुणे जेवू घातलेली बाई आहे मी. रस्सा वाढवायचा, बटाटे घालायचे, वर झाकण ठेवायचं आणि वाढताना चेहरा असा करायचा की पातेल्यात अजून पुष्कळ आहे. हे जिला जमतं तिला संगीत का नाही जमणार?

असं मी आमच्या महेंद्रला, म्हणजे माझ्या नवऱ्याला, भर जेवणात ठणकावून सांगितलं. तो मुळ्याची भाजी ताटाच्या कडेला सरकवत होता.

"अगं, पण काका एकटेच एवढं छान वाजवतात," तो बोलला. "मोबाईलवर रेकॉर्ड कर आणि मोकळी हो."

"मोबाईलवर!" मी अशी ओरडले, जणू त्याने काकांना फ्रीजमध्ये ठेवायला सांगितलं होतं. "काही कदर आहे का कलेची?"

हे माझं वाक्य तुम्ही लक्षात ठेवा. मी विसरायचा प्रयत्न करतेय.

आधी काकांबद्दल सांगते. जगनकाका म्हणजे महेंद्रचे सख्खे चुलते. लग्न केलं नाही, ठाण्यापुढच्या दिव्याला एका खोलीत एकटे राहतात. दिवसा वागळे इस्टेटच्या एका कारखान्यात लेथ मशीन चालवली आणि संध्याकाळी ऑर्केस्ट्रात व्हायोलिन वाजवलं, अशी उभी हयात गेली. जयंतीचा महिना आला की भीमगीतांचे कार्यक्रम. ठाण्यापासून कल्याणपर्यंत असं मैदान नसेल जिथे काकांनी सूर लावला नाही. पण बसायचे कायम मागे, ढोलकीवाल्याच्या कोपराशी. पुढे गाणारा.

आता गाणारा म्हटला की त्याला मधेच चहा लागतो. तो चहाला गेला की पब्लिक उठायला लागायचं, कारण पलीकडच्या गल्लीत दुसरं स्टेज असायचंच. मग ऑर्केस्ट्राचा मालक मागे वळून ओरडायचा, "जगन, पब्लिक धर!" की काका उभे राहायचे आणि गाणाऱ्याचा चहा संपेपर्यंत एकटे वाजवायचे. असं पब्लिक धरता धरता त्यांचा स्वतःचा एक तुकडा तयार झाला. दरवर्षी त्यात एखादी नवी जागा, एखादी नवी करामत. सगळे त्याला 'चहाचा तुकडा' म्हणायचे. काकाही तेच म्हणतात.

काय तुकडा आहे म्हणून सांगू! सुरुवात एका तारेवर, अगदी हळू, कोणी दार लोटून आत डोकावावं तशी. मग बोटं अशी सुटतात की वाटाण्यांचा डबा हातातून निसटला समजा! मग दोन तारा एकदम. एकीवर बाई गातेय आणि दुसरीवर तिचा नवरा कुरकुरतोय, आणि गंमत म्हणजे दोघं सुरात! मग सूर चढत चढत इतका वर जातो की ऐकणाऱ्याची मान आपोआप वर होते, छताला पाल आहे की काय बघावं तशी. आणि शेवट मात्र टाळ्या मागणारा नाही. एकच सा. लांब, विरत जाणारा. कारण तोवर गाणारा चहा संपवून येऊन उभा असायचा. बाकावर बसलेला माणूस जरा सरकून दुसऱ्याला जागा करून देतो ना, तसा तो सा.

गेलं वर्षभर काकांचा खांदा धरतोय. तुकडा पूर्ण वाजवला की हात वर होत नाही, शर्टसुद्धा शेजाऱ्याकडून चढवून घ्यावा लागतो. त्यांच्यानंतर हा तुकडा जाणार, हे माझ्या मनाने घेतलं. म्हणून तर सगळी घाई.

माझं म्हणाल तर मी संगीत शिकले, पण मला कोणी शिकवलं नाही. विहारातल्या पेटीवर आधी एका बोटाने, मग पाचांनी. पुढे मुलीचा जुना कीबोर्ड हाती आला आणि फोनवरचे व्हिडिओ बघून बाकीचं. आमच्या कुकरची शिट्टी पेटीच्या काळी दोनला लागते, हे कल्याण पूर्वेत फक्त मला माहीत आहे. त्या जोरावर आमच्या महिला मंडळाचा वाद्यवृंद मी बसवते. महिला मंडळ म्हटलं तरी त्यात एक तानाजी आहे, कारण क्लॅरिनेट वाजवणारी बाई मिळेना.

बुद्धपौर्णिमेच्या कार्यक्रमात काकांचा तुकडा करायचा, हे ठरवून मी दिव्याला गेले. काका व्हायोलिनचा गज पुसत बसले होते.

"काका, या पौर्णिमेला तुमचा तुकडा. मागे आमचा सगळा वाद्यवृंद, पुढे तुम्ही!"

काकांचा हात थांबला. "गाणारा कोण?"

"कोणी नाही."

"मग लोक कशाला बसतील?"

"तुमच्यासाठी!"

"म्हणजे... मी वाजवताना कोणी चहाला जाणार नाही?"

"गेला तर तंगडी मोडते त्याची!"

काका हसले. पुन्हा गज पुसायला लागले. पण दोनच दिवसांत त्यांच्या शेजारणीचा मला फोन आला. काकांनी पांढऱ्या शर्टाचं कापड घेऊन शिंप्याला दिलं होतं आणि पाण्याच्या टँकरच्या रांगेत उभं राहून सगळ्यांना आमंत्रण केलं होतं. "पुढे बसून वाजवणार म्हणतात," शेजारीण सांगत होती. "रांग सोडून बायका ऐकत होत्या, ताई. टँकरची रांग सोडून!"

दिव्यात टँकरची रांग सोडणं म्हणजे काय, हे दिव्याच्या माणसाला विचारा.

मी कामाला लागले. जुन्या कॅलेंडरची पानं उलटी करून जमिनीवर पसरली, रंगीत पेन्सिली घेतल्या. काकांना लाल. पानंच्या पानं लाल झाली, बाकीच्यांना खाली एक निळी रेघ. निळी रेघ म्हणजे सगळ्यांनी शांतपणे सा धरून बसायचं आणि काकांनी वर हवा तो धिंगाणा घालायचा. एवढं सोपं होतं हो! एवढ्यावर थांबायला काय झालं होतं मला?

पहिल्या तालमीला शेवंतीताईंनी पेटीवरून हात काढले. ताई मंडळाच्या अध्यक्ष. त्या नुसत्या खाकरल्या तरी भाजीवाला मापात चार भेंड्या जास्त टाकतो.

"स्वप्ना, एक विचारू? आम्ही नुसतं सा धरून बसायचं?"

"हो ताई. मागून आधार द्यायचा."

"आधार! घरी सासऱ्यांना आधार, मुलाच्या संसाराला आधार, आता व्हायोलिनलाही आमचाच आधार! एखादी तान दे की मेली!"

सगळ्या हसल्या. मी काकांकडे बघितलं. काका म्हणाले, "दे ना त्यांना. पेटीवर छान लागेल."

मी पानावरचं थोडं लाल खोडलं आणि वाटाण्यांचा भाग ताईंना दिला. काकांच्या हातून वाटाणे सांडायचे. ताईंच्या हातून ते एकेक, निवडून, किडका बाजूला काढून खाली पडू लागले. पण ताई खूश!

आणि इथे आमच्या मंडळाची सवय आडवी आली. पौर्णिमेला खीर वाटतो ना आम्ही, तेव्हा नियम एकच. कोणाच्या ग्लासात कमी नको, कोणाच्या जास्त नको. काजूसुद्धा मोजून. मागे एकदा एकीला काजू आला नाही, तर ती नंतरचे तीन कार्यक्रम फिरकली नव्हती. त्यामुळे ताईंना तान मिळाली म्हटल्यावर बाकीच्या ग्लास पुढे करून उभ्याच!

ऐश्वर्या आली. ही आमची बासरी. कोलशेतच्या ऑफिसातून थेट तालमीला येते, गळ्यात कार्ड तसंच. "काकी, ताईंना तान आणि मला झिरो? मी ऑफिसमध्ये सगळ्यांना बोललेय माझा सोलो आहे. सर पण येणारेत!"

"अगं, पण सोलो काकांचा..."

"छोटासा द्या ना! ती सुरुवात आहे ना, दार उघडल्यासारखी? ती द्या. बासरीवर काय वाजेल!"

"दे तिला," काका म्हणाले.

मग सोनल आणि क्षिप्रा. एक बेंजो, एक मेंडोलिन, दोघी सख्ख्या जावा. त्यांना मी दोन तारांची ती जागा मिळून दिली, बाई गातेय आणि नवरा कुरकुरतोय ती. माझी चूक एवढीच की हे वर्णन मी त्यांना समजावून सांगितलं.

"मी का कुरकुरू?" सोनल.

"मग काय मी कुरकुरू? घरी कोण कुरकुरतं ते अख्ख्या बिल्डिंगला माहीत आहे!" क्षिप्रा.

शेवटी असं ठरलं की दोघींनी गायचं, कुरकुर रद्द! काकांनी ती कुरकुर किती वर्षं घोटली होती कोण जाणे.

आणि तानाजी. तानाजी लग्नाच्या बँडमध्ये असतो. उघड्या रस्त्यावर, फटाक्यांच्या वर वाजवायची सवय. 'हळू' हे बटण त्याच्या क्लॅरिनेटला बसवलेलंच नाही.

"वहिनी, मी काही मागत नाय," तो आला तोच म्हणत. "फक्त ती वरची जागा. जिथे सूर पार वर जातो ना, ती. बघा, हॉलच्या खिडक्या हलवतो!"

काकांनी व्हायोलिन खाली ठेवलं. मग म्हणाले, "घे. पण वर चढताना घाई करू नको बाबा. पायऱ्या आहेत, लिफ्ट नाही."

प्रत्येकाला काकांनी स्वतः शिकवलं, बरं का. खुर्ची ओढून शेजारी बसायचे, जागा वाजवून दाखवायचे, पुन्हा दाखवायचे. मी फोन धरून उभी. ज्याचा त्याचा भाग संथ लयीत वाजवून घ्यायचा, वर मी 'एक दोन तीन चार' मोजायचं आणि त्याला ग्रुपवर पाठवून द्यायचं. काका देत होते, मी वाटत होते. मला वाटलं, किती आनंदात आहेत! कला दिल्याने वाढते वगैरे जे भाषणात म्हणतात, ते हेच असणार. एवढा मोठा नाटकाचा अंक चालला होता आणि समोर उभं राहून मला एकही ओळ कळत नव्हती.

कळलं महेंद्रला. रविवारी तो खाली बसून कॅलेंडरची पानं चाळत होता.

"लाल म्हणजे काका ना?"

"हो."

"मग लाल कुठे आहे?"

मी पानं घेतली. हिरवं ताईंचं, पिवळं ऐश्वर्याचं, जांभळं जावांचं, तानाजीचं केशरी तर पानाबाहेर गेलेलं. लाल शोधत शोधत मी शेवटच्या पानावर आले. अगदी तळाशी, कोपऱ्यात, एक लाल टिंब.

खीर वाटणाऱ्याचं असंच होतं. सगळ्यांचे ग्लास भरतात आणि शेवटी पातेल्याला लागलेलं खरवडून खायचं.

"शेवटचा सा!" मी म्हटलं. "सगळ्यात महत्त्वाचा!" आणि चेहरा असा केला की पातेल्यात अजून पुष्कळ आहे.

शेवटी मी काकांना ते पान दाखवलं. "काका, मी परत सगळं बदलते. सगळ्यांकडून काढून घेते!"

"छे गं! शेवंतीबाई जेवणार नाहीत," ते म्हणाले. "राहू दे. सा तर सा. लोकांना वाटतं सा सोपा असतो."

पौर्णिमेला हॉल गच्च भरला. दिव्याहून काकांची गल्ली आली होती. टँकरची रांग सोडणाऱ्या बायका दुसऱ्या ओळीत. काकांना मी मधोमध, पुढे बसवलं, कबूल केल्याप्रमाणे. नवा पांढरा शर्ट, मांडीवर व्हायोलिन. मी हात वर केला आणि सुरुवात झाली.

ऐश्वर्याच्या बासरीने दार लोटलं. दार जरा जाम होतं, पण उघडलं. ताईंचे वाटाणे सुरू झाले. निम्मे सांडले, तोवर त्यांनी वर बघून समोर बसलेल्या आपल्या व्याह्यांना नमस्कार केला, मग पुन्हा पहिल्यापासून सांडले. जावा गायला लागल्या, दोघी मोठ्या आवाजात, एकमेकींच्या वरचढ, म्हणजे कुरकुर नाही, सरळ भांडणच! मी एका हाताने ताल देतेय, दुसऱ्याने त्यांना गप्प करतेय, दुरून बघणाऱ्याला वाटावं बाई माश्या वारतेय!

आणि काका? काका स्वस्थ बसले होते. इतके स्वस्थ की खाली चहा वाटणाऱ्या आमच्या कार्यकर्त्याला वाटलं, हे कोणीतरी पाहुणे आहेत. तो वाकून स्टेजवर आला आणि त्याने काकांच्या हातात चहाचा कप दिला. चालू तुकड्यात! काकांनी कपाकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं आणि एक घोट घेतला. मला खाली वाकून तो कप हिसकावून घ्यायचा होता, पण तेवढ्यात तानाजी उठला!

पायऱ्या नाही, लिफ्ट! एका दमात वर! खिडक्या हलल्या का ते माहीत नाही, पण पुढच्या ओळीतलं एक तान्हं बाळ दचकून असं रडायला लागलं की त्याचाही सूर वरच्या सा लाच लागला. ताईंची बोटं घाबरून भलत्याच पट्ट्यांवर धावली. जावा एकमेकींना "तुझं चुकलं, तुझं चुकलं" करत वाजवत राहिल्या. तानाजी मात्र डोळे मिटून वर उभा, वरातीत घोड्यापुढे असावा तसा. आणि पब्लिक? पब्लिक उठून टाळ्या वाजवायला लागलं! शिट्ट्या!

आता सा. सगळं शांत व्हायचं आणि मग सा.

काकांनी कप खुर्चीखाली ठेवला. व्हायोलिन हनुवटीखाली घेतलं. खांदा दुखत होता, ते ओठांवर दिसलं. गज उचलला.

"वा वा वा!" निवेदकाने माइक ओढला. "काय सुंदर शेवट! स्वप्नाताई आणि मंडळाचं अभिनंदन! खीर वाटप मागच्या दाराने सुरू होत आहे, कृपया रांगेत..."

खुर्च्या सरकल्या. हॉल मागच्या दाराकडे वळला. गज तसाच वर होता. मग तो खाली आला. काकांनी खुर्चीखालून कप काढला आणि उरलेला चहा पिऊन टाकला.

खाली जिन्यात एका बाईंनी मला मिठी मारली. "काय बसवलंय हो!" मग शेजारी काकांना बघून आदराने विचारलं, "आजोबा, तुम्ही पण कधी वाजवायचात का?"

"हो," काका म्हणाले. "लोक चहाला गेले की."

रिक्षात मी रडायलाच लागले. "काका, मी वाट लावली हो तुमच्या तुकड्याची."

"अगं, रडतेस काय! उलट तूच मला अवघड जागेतून सोडवलंस. खांदा आता भरवशाचा नाही, हे तुला तोंडावर बोलता येईना, म्हणून तू एकेक भाग हळूच काढून घेत होतीस. कळत होतं मला. म्हणून तर मीच म्हणत होतो, दे, दे."

"मी नाही हो खांद्यामुळे! मला वाटलं तुम्हाला द्यायला आवडतंय!"

रिक्षा सिग्नलला थांबली होती.

"आवडत नव्हतं गं," ते म्हणाले. मग मलाच बरं वाटावं म्हणून हसले. "पण एक झालं. माझ्या तुकड्यात आयुष्यात पहिल्यांदा मी चहा प्यायलो. गरम होता."

त्यानंतरच्या रविवारी मी फोन पूर्ण चार्ज करून दिव्याला गेले. महेंद्रने काही बोलून दाखवलं नाही. त्याचं न बोलणं फार टोचतं. काकांना म्हटलं, "एकदा. सबंध. फक्त तुम्ही. मी रेकॉर्ड करते."

काकांनी व्हायोलिन जुळवलं. शेजारणीने मिक्सर बंद केला. मी खाली चटईवर बसले, फोन दोन्ही हातांत. काकांनी गज टेकवला, आणि दार उघडलं. अगदी हळू. बासरीवर ते कधीच तसं उघडलं नव्हतं.

आणि ते थांबले.

"काय झालं काका? दुखतंय?"

"नाही. इथे शेवंतीबाई येतात ना."

"त्या नाहीत काका! तुमचंच आहे ते. वाटाणे!"

"हो, हो." पुन्हा गज टेकवला. दोन-चार वाटाणे सांडले आणि पुन्हा हात थांबला. "कानात त्यांचंच वाजतंय गं. इतक्या वेळा शिकवलं ना एकेकाला. माझं कसं होतं, ते आता बोटांना विचारावं लागतंय." ते बोटांकडे बघत राहिले. बोटं काही बोलली नाहीत.

पुढे जिथे बोटांना आठवलं तिथे त्यांनी वाजवलं. थोडी कुरकुर परत आली, तेव्हा मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! जिथे आठवलं नाही, तिथे गज हवेत धरून ते थांबायचे, दुसऱ्याचं वाजून व्हायची वाट बघत. सभ्य माणूस. वरच्या जागेपाशी तर चांगलेच थांबले, जसा काही तानाजी दारात उभा आहे. मग शेवटी सा लावला. लांब, विरत जाणारा. कोणी माइक ओढला नाही. मीसुद्धा चहाला उठले नाही.

रेकॉर्डिंग आहे माझ्याकडे. परवा धीर करून महेंद्रला ऐकवलं. सुरुवात सुरेख आलीय, शेवट तर काय सांगू. मधल्या रिकाम्या जागांमध्ये मात्र कोणीतरी बाई, सवयीने, अगदी ठणठणीत आवाजात मोजतेय, एक, दोन, तीन, चार.

माझा आवाज मोबाईलवर फार स्पष्ट येतो, हे मला आधी माहीत नव्हतं.